सेवा करणाऱ्यांना लिहिते करताना

इंदूरमधल्या आमच्या मराठीभाषक ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, वार्षिक अहवालात एक ओळ वर्षानुवर्षे तशीच येत असे : ‘रुग्णभेटी नियमितपणे चालू आहेत.’ या ओळीमागे एक काकू अकरा वर्षे दर गुरुवारी इंदूरच्या एम. वाय. या सरकारी हॉस्पिटलमध्ये जात होत्या, झाबुआ, धार, खरगोनकडून आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांजवळ बसत होत्या, कोणाला औषधाच्या खिडकीपर्यंत नेत होत्या, कोणाची चिठ्ठी वाचून देत होत्या. आणि मंडळीतल्या निम्म्या घरांना हे ठाऊकही नव्हते. सभेत ती ओळ वाचली गेली, सर्वांनी अहवाल संमत केला आणि पुढचा विषय निघाला. त्या दिवशी काकू माझ्याच बाकावर बसल्या होत्या.

मी त्यांना म्हटले, हे तुम्ही लिहून द्या. पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, ‘मला कुठं लिहिता येतं बाई, मी आपली जाते आणि येते.’ पुढे हेच उत्तर मला जवळजवळ प्रत्येक घरी ऐकायला मिळाले. ज्यांच्यापाशी सांगण्यासारखे सर्वांत जास्त असते त्यांना आपल्यापाशी काही आहे असे वाटतच नाही, आणि ज्यांना लिहायची हौस असते ते बहुधा छोटेसे प्रवचन लिहून देतात. त्यामुळे सभासदांना आपल्या सेवेविषयी लिहिते करायचे, तर सुरुवात त्यांच्या घरी जाऊन बसण्यापासून करावी लागते. गेली सात वर्षे हे काम करताना जे हाती लागले ते पाळक (चर्चचे धर्मगुरू), पंच (मंडळीचा कारभार पाहणारे), महिला मंडळाच्या चालक आणि रविवार शाळेचे शिक्षक यांच्यासाठी क्रमाने मांडत आहे.

आधी एक वही करा

एक साधी वही घ्या आणि सात पानांवर आठवड्याचे सात वार लिहा. प्रत्येक वाराखाली मंडळीतला कोण माणूस त्या दिवशी कोणासाठी काय करतो, एवढेच नोंदवा. रविवारच्या पानावर प्रवचन करणाऱ्याचे नाव सगळ्यांना सुचते, पण कुलूप कोण उघडतो, गीतांचे आकडे फलकावर कोण लावतो, प्रभुभोजनाच्या मेजावरचे कापड कोण धुऊन इस्त्री करून आणते, हे विचारावे लागते. आमच्याकडे एक निवृत्त कारकून उपासना संपल्यावर मागच्या बाकावर बसून लोकांना समग्र आयडीची (मध्य प्रदेश सरकारच्या ओळख क्रमांकाची) दुरुस्ती, पेन्शनचे फॉर्म, लाडली बहना योजनेची कागदपत्रे करून देतात. त्यांचे नाव पहिल्या यादीत आलेच नव्हते, कारण ते करतात त्याला कोणी सेवा म्हणतच नव्हते. वही दोन-तीन जुन्या सभासदांकडे आठवडाभर फिरू द्या. पहिल्या दिवशी आमच्या वहीत चौदा नावे होती आणि महिन्याअखेरीस एकतीस झाली.

या यादीतून लिहिण्यासाठी माणसे निवडताना एक गोष्ट तपासावी. मंडळीत काही कामे माणसाच्या वाट्याला आलेली असतात आणि काही कामांची त्याला तळमळ असते. वाट्याला आलेले काम करणारा माणूसही मोलाचाच, पण त्याला लिहायला बसवले की तो जबाबदारीचा हिशेब देतो. तळमळ ओळखण्यासाठी मी एकच प्रश्न विचारते : ‘कोणी सांगितले नसते, तरी तुम्ही काय केले असते?’ एका तरुणाचे नाव तरुण संघाचा खजिनदार म्हणून यादीत होते. या प्रश्नावर तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला की, मालवा मिलच्या भागातल्या दोन अंध गृहस्थांना तो शनिवारी संध्याकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवतो. खजिनदारीविषयी त्याने कधीही चार ओळी लिहिल्या नसत्या. त्या वाचनाविषयी मात्र पुढे तीन पाने लिहिली.

पाळक आणि पंच यांच्याशी बोलणे

लेखन सुरू करण्याआधी पाळकसाहेब आणि पंचमंडळ यांची संमती घ्यावी. तीन गोष्टी आधी ठरून जाव्यात : लिहिलेले कुठे वाचले किंवा वाटले जाईल, छापण्यापूर्वी ते कोण पाहील, आणि वाद उद्भवला तर अंतिम शब्द कोणाचा. पाहणारी माणसे दोनपेक्षा जास्त नसावीत. पाच जणांच्या समितीतून गेलेला मजकूर कोणाचाच उरत नाही.

व्यासपीठावरून केलेल्या आवाहनावर फार विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘ज्यांना लिहायची इच्छा असेल त्यांनी नावे द्यावीत’ ही सूचना आम्ही सलग तीन रविवारी दिली आणि एकही नाव आले नाही. नंतर त्याच लोकांना घरी जाऊन एकेकट्याने विचारले, तेव्हा दहांपैकी सहा तयार झाले. सर्वांना मिळून विचारलेली गोष्ट प्रत्येक जण शेजाऱ्यासाठी आहे असे समजतो. आणखी एक : पहिला लेख पाळकांचा नसावा. ते कितीही चांगले लिहीत असले, तरी बाकीच्यांना तोच नमुना वाटतो आणि मग सगळेच त्यांच्यासारखे लिहू पाहतात. आमच्या पाळकसाहेबांनी हे मोकळेपणाने मान्य केले आणि आपला लेख सहाव्या महिन्यापर्यंत थांबवून ठेवला, याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो.

उजवा हात आणि डावा हात

जो आक्षेप नक्की येणार आहे, त्यावर थोडे थांबायला हवे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू सांगतो की, दानधर्म करताना उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये. मंडळीतली सर्वांत सात्त्विक माणसे हेच वचन पुढे करून लिहायला नकार देतात. त्यांना चटकन उत्तर देऊन गप्प करू नये, कारण त्यांची भीती खरी आहे. सेवेचे प्रदर्शन झालेले आपण सगळ्यांनी पाहिले आहे. ब्लँकेट देणाऱ्यांचे हात आणि घेणाऱ्याचा खाली गेलेला चेहरा एकाच फोटोत पाहिला आहे.

पण त्याच डोंगरावरील प्रवचनात, एका अध्यायाआधी, तुमचा उजेड लोकांपुढे पडू द्या असेही म्हटले आहे. नव्या करारातल्या रोमकरांस पत्राचा शेवटचा अध्याय उघडला, तर प्रेषित पौल एकेका माणसाचे नाव घेऊन त्याचे श्रम एकेका ओळीत लिहून ठेवतो : किंख्रिया येथील मंडळीची सेविका फिबी, पुष्कळ श्रम करणारी मरिया, ज्यांनी आपला जीव धोक्यात घातला ते प्रिस्का आणि अक्विला. पौलाने लिहिले नसते, तर फिबी आणि ही मरिया आज आपल्याला माहीत नसत्या. दोन्ही वचने एकत्र ठेवली की लेखनाचा कस मिळतो. मजकूर देणाऱ्याकडे बघतो आहे की ज्याला गरज आहे त्याच्याकडे, हे पाहावे. मी मसुद्यात पेन्सिलीने प्रत्येक ‘मी’खाली रेघ मारते. ‘मी पाहिले’, ‘मला कळले नाही’, ‘मी उशिरा पोहोचले’ असे ‘मी’ राहू द्यावेत. ‘मी दिले’, ‘मी केले’, ‘माझ्यामुळे’ असे ‘मी’ लिहिणाऱ्याशी बोलून कमी करावेत.

इतके समजावूनही कोणी नको म्हणाले, तर त्यांना पुन्हा विचारू नये. आमच्याकडे स्मशानभूमीतल्या जुन्या कबरींचे गवत काढणारे एक आजोबा आहेत. त्यांनी हात जोडून नाही म्हटले आणि विषय तिथेच संपला.

बोलते करण्याची बैठक

भेट माणसाच्या घरी ठेवावी. चर्चच्या कार्यालयात बोलावले की लोक मुलाखतीला आल्यासारखे ताठ बसतात. रविवारी दुपारी जेवणानंतर किंवा सणवार नसलेल्या दिवशी संध्याकाळी चहाच्या वेळी जावे आणि पाऊण तासापेक्षा जास्त बसू नये. एकट्याने किंवा लिहून घेणाऱ्या एकाच सोबत्याला घेऊन जावे, बायकांच्या घरी शक्यतो बाईने जावे. घरातल्या बाकीच्यांना आधीच विनंती करून ठेवावी, कारण ज्या माणसाला प्रथमच आपल्या कामाविषयी बोलायचे असते, त्याला शेजारून ‘अगं, ते सांग ना’ असे कोणी म्हणाले की तो तेवढेच सांगून थांबतो.

‘तुम्ही ही सेवा का करता?’ हा प्रश्न विचारू नये. त्याचे उत्तर प्रत्येकाकडे तयार असते आणि ते सगळ्यांचे सारखेच असते. त्याऐवजी मागच्याच भेटीपासून सुरुवात करावी : मागच्या गुरुवारी तुम्ही घरातून किती वाजता निघालात, बरोबर काय नेले, सर्वांत आधी कोण भेटले, तो काय म्हणाला, तुम्हांला काय सुचले नाही, परत येताना काय मनात होते. कधी हे काम सोडावेसे वाटले का, हेही विचारावे. त्या प्रश्नावर लोक बहुधा खरे बोलतात. पहिला माणूस, चुकलेला दिवस आणि ज्याचे पुढे काय झाले ते कळलेच नाही असा माणूस, या तिन्हींविषयी विचारले की बहुतेकांकडे एक तरी लेख निघतोच.

आता लेखनिकाविषयी. ज्यांना लिहिता येत नाही किंवा ज्यांचा हात थरथरतो, त्यांनी सांगावे आणि दुसऱ्याने उतरून घ्यावे. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही : यिर्मया संदेष्ट्याचे शब्द बारुखाने लिहून घेतले, आणि रोमकरांस पत्राच्या शेवटी, हे पत्र लिहून काढणारा मी तर्तिय, असे म्हणून लेखनिक स्वतः सलाम सांगून जातो. मंडळीतल्या नववी-दहावीच्या मुलामुलींना हे काम द्यावे. आमच्याकडे पाच मुले हे करतात, आणि मला वाटते की रविवार शाळेत जे त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते, ते या घरांमधल्या खुर्च्यांवर बसून पोहोचले. परवानगी घेऊन मोबाइलवर आवाज मुद्रित करावा आणि घरी येऊन उतरवावा. कीबोर्डवरच्या माइकने मराठीत बोलून टाइप करण्याची सोय आहे, तिचाही उपयोग होतो. मात्र इंदूरच्या माणसाचे वाक्य मराठीत सुरू होऊन हिंदीत संपते, तेव्हा यंत्र गोंधळते आणि सगळे पुन्हा कानांनी ऐकावे लागते.

कोणती मराठी?

हा प्रश्न आमच्या शहरात टाळता येत नाही. आमच्या मंडळीतली काही घरे नगर आणि जालन्याकडून, काही अमरावती-नागपूरकडून आलेली. कोणी हॉस्पिटलच्या नोकरीसाठी, कोणी शाळेत शिकवायला, कोणी रेल्वेत. तिसऱ्या पिढीची मुले घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदी आणि इंग्रजी लिहितात, आणि मोबाइलवर मराठी रोमन अक्षरांत टाइप करतात. त्यांना ‘शुद्ध मराठीत लिहा’ म्हटले की वही बंद होते. देवनागरी त्यांना हिंदीमुळे येतेच, त्यामुळे अडचण लिपीची नसते, भीडेची असते. म्हणून नियम एकच ठेवावा : घरी जसे बोलता तसे लिहा. ‘येऊन राहिली होती’ असे कोणी लिहिले, तर ते तसेच राहू द्यावे. एखाद्याला हिंदीतच लिहायचे असेल, तर हिंदीत घ्यावे आणि मराठीत आणायचे झाल्यास ते लिहिणाऱ्याच्या शेजारी बसून आणावे.

मराठी ख्रिस्ती लेखनाची वाटही अशीच साध्या भाषेने चालत आली आहे. १८४२ मध्ये सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाने सामान्य वाचकासाठी मराठी गद्य छापले. पंडिता रमाबाईंनी पवित्र शास्त्राचे भाषांतर करताना फारशा न शिकलेल्या बायकांना ते समजावे हाच आग्रह धरला; ते भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, पूर्ण प्रसिद्ध झाले. आणि लक्ष्मीबाई टिळकांनी शाळेत न जाता, लग्नानंतर अक्षरे शिकून, घरात बोलतात त्याच मराठीत आपल्या आठवणी लिहिल्या. आपल्याला लिहिता येत नाही असे म्हणणाऱ्या प्रत्येक काकूला मी लक्ष्मीबाईंची गोष्ट सांगते, आणि त्या गोष्टीचा माझ्या कोणत्याही आग्रहापेक्षा जास्त परिणाम होतो.

पहिला मसुदा जवळून

ज्या काकूंपासून हे सुरू झाले, त्यांनी पहिल्यांदा स्वतः लिहून आणलेले वाक्य असे होते : ‘परमेश्वराच्या असीम कृपेने मला गेल्या अनेक वर्षांपासून रुग्णसेवेचे पवित्र कार्य करण्याची संधी लाभली असून त्यातून मला अपार आनंद व समाधान मिळत आहे.’ यातला एकही शब्द खोटा नाही. पण हे वाक्य मंडळीतल्या कोणाच्याही नावावर शोभले असते, आणि त्यात ना हॉस्पिटल दिसते ना काकू.

मी कागद बाजूला ठेवला आणि मागच्या गुरुवारविषयी विचारले. त्यांनी जे सांगितले ते एका मुलीने असे उतरवून घेतले : ‘जिन्यापाशी एक म्हातारी बसली होती. मुलगा आत होता. तिच्या हातात चिठ्ठी होती आणि ती तिनं उलटी धरली होती. मी म्हटलं, आजी, ही कुणी वाचून दिली का? ती म्हणाली, तिघांना विचारलं, सगळे पुढे निघून गेले. मी वाचली तर त्यात रक्ताची सोय करा असं लिहिलं होतं. ती सकाळपासून ते घेऊन बसली होती.’

हे वाचून दाखवल्यावर काकू म्हणाल्या, ‘पण यात देवाचं नाव कुठं आलं?’ प्रश्न योग्य होता आणि त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. अखेरीस त्यांनीच एक वाक्य जोडले की, त्या दिवशी घरातून निघताना पाय दुखत होते आणि त्या जाणारच नव्हत्या. तेवढ्याने त्यांचे समाधान झाले, आणि माझेही.

नव्या लिहिणाऱ्याला म्हणून एवढेच सांगावे : एकच प्रसंग, एकच पान, साधारण तीनशे शब्द. सुरुवात जागेपासून किंवा माणसापासून करावी. पहिल्या परिच्छेदात कृपा, आशीर्वाद, पाचारण, ओझे हे शब्द वापरू नयेत. पुढे प्रसंगाने मागितले तर जरूर यावेत. शास्त्रवचन एखादेच असावे, आणि ते लिहिणाऱ्याला त्या वेळी खरोखर आठवले असेल तरच घ्यावे. शेवट शिकवणीने करण्याची सवय आपल्या सर्वांना आहे, कारण आपण प्रवचने ऐकत वाढलो. ती शेवटची दोन वाक्ये झाकून लेख वाचून पाहावा आणि काही उणे वाटले नाही, तर ती काढून टाकावीत.

ज्यांच्याविषयी लिहितो त्यांची राखण

लेखातला दुसरा माणूस, म्हणजे रुग्ण, मूल, विधवा, व्यसनातून बाहेर पडू पाहणारा मुलगा, हा आपल्या बैठकीला हजर नसतो. त्याच्या वतीने कोणीतरी विचार करायला हवा. आमचा नियम असा आहे की नाव, गाव, मोहल्ला आणि आजार यांपैकी ओळख पटेल अशी कोणतीही गोष्ट लिहायची नाही; लिहायचीच असेल, तर त्या माणसाला मजकूर वाचून दाखवून, त्याला समजेल अशा भाषेत संमती घ्यायची. गरजेत असलेला माणूस मदत करणाऱ्याला सहसा नाही म्हणत नाही, हे लक्षात ठेवून संमती मदतीच्या वेळी मागू नये. काही दिवस जाऊ द्यावेत.

मुलांच्या बाबतीत यापेक्षा काटेकोर राहावे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे कलम ७४ आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे (लैंगिक अत्याचारांपासून मुलांच्या संरक्षणाच्या कायद्याचे) कलम २३ यांनुसार संरक्षणाची गरज असलेल्या किंवा अत्याचारग्रस्त मुलांची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, आणि शाळेचे नाव किंवा फोटो यांनीही ओळख उघड होते. एचआयव्हीबाधित व्यक्तीची स्थिती तिच्या संमतीशिवाय सांगण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे. वस्तीत अभ्यासवर्ग घेणाऱ्या आमच्या एका भगिनीने हे ऐकल्यावर आपल्या लेखातल्या चार मुलांची नावे काढून त्यांच्या चपला, दप्तरे आणि बसायच्या जागा वर्णन केल्या; तो लेख आधीपेक्षा चांगला झाला.

मध्य प्रदेशात २०२१ चा धार्मिक स्वातंत्र्य अधिनियम लागू आहे आणि त्यात भेटवस्तू, पैसा किंवा शिक्षण यांचे आमिष दाखवून धर्मांतर घडवण्यास मनाई आहे. म्हणून मदतीला श्रद्धेची अट जोडलेली वाटेल अशी शब्दरचना अजिबात नसावी. कायदा नसता तरी मी हेच सांगितले असते, कारण हॉस्पिटलच्या जिन्यावर बसलेल्या बाईला चिठ्ठी वाचून दिली ती तिला वाचता येत नव्हती म्हणून. दुसऱ्याच्या श्रद्धेविषयी लिहिण्याचा अधिकार त्या दुसऱ्याचाच आहे.

दुरुस्ती किती करावी

पहिल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली आणि ती सांगितली पाहिजे. एका गृहस्थांनी आपल्या आजारी शेजाऱ्याची दोन वर्षे केलेली शुश्रूषा लिहिली होती आणि शेवटी लिहिले होते, ‘पहाटे तो मेला. मी खिडकी उघडली.’ मला ते कठोर वाटले म्हणून मी, त्यांना न विचारता, ‘पहाटे तो प्रभूच्या ठायी निजला’ असे केले आणि खिडकीचे वाक्य गाळले. छापील कागद हातात घेऊन ते माझ्याकडे आले आणि शांतपणे एवढेच म्हणाले की, हे माझे नाही. त्यानंतर त्यांनी आठ महिने काही लिहिले नाही. मी त्यांची क्षमा मागितली आणि आमच्या चार पानी मासिक पत्रकाच्या पुढच्या अंकात ती दोन वाक्ये त्यांच्या शब्दांत पुन्हा छापली.

तेव्हापासून शुद्धलेखन आणि विरामचिन्हे एवढेच मी विचारल्याशिवाय दुरुस्त करते. बाकी काहीही बदलायचे असेल, तर लेख लिहिणाऱ्यासमोर मोठ्याने वाचते. जिथे तो स्वतः अडखळतो किंवा हात हलवतो, तिथे थांबून विचारते. बहुतेक दुरुस्त्या अशा वाचनात लिहिणारे स्वतःच करतात.

वाचन, छपाई, वाटप

छापण्याआधी लेख घरगुती प्रार्थनासभेत वाचावा, आणि तो लिहिणाऱ्यानेच वाचावा. आठ-दहा माणसांच्या बैठकीत भीड कमी असते. छपाईसाठी ए-फोर कागद मधोमध दुमडला की चार छोटी पाने होतात. बारा-तेरा पॉइंटच्या अक्षरात दोन लेख आणि प्रार्थनेच्या विनंत्या त्यात नीट बसतात. वृद्धांसाठी थोड्या प्रती मोठ्या अक्षरात काढाव्यात. टायपिंगच्या दुकानात मजकूर देणार असाल, तर तो युनिकोडमध्येच करून मागावा, कारण कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये केलेला मजकूर मोबाइलवर वाचता येत नाही. तयार प्रुफात ‘ळ’ तपासून घ्यावा. हिंदीची सवय असलेला हात ‘मंडळी’चे ‘मंडली’ आणि ‘पाळक’चे ‘पालक’ करतो, आणि ‘पालक आजारी आहेत’ या वाक्याचा अर्थ निराळाच होतो.

दुसरा लेख

पहिला लेख उत्साहात होतो, दुसरा होत नाही. याचे एक कारण मला सापडले आहे : पहिला लेख छापल्यावर लोक ‘छान लिहिलंत’ म्हणतात आणि लिहिणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. म्हणून आम्ही दोन वाचकांवर जबाबदारी टाकली की, अंक निघाल्यावर आठवड्याच्या आत त्यांनी लिहिणाऱ्याला भेटून लेखातले एक नेमके वाक्य सांगावे आणि एक प्रश्न विचारावा. खरा प्रश्न विचारला की दुसऱ्या लेखाचा विषय तिथेच मिळतो. काकूंचा लेख आल्यावर एका बँकेतल्या गृहस्थांनी त्यांना विचारले की, गुरुवारीच का, बाकीच्या दिवशी चिठ्ठ्या कोण वाचते? त्यांना उत्तर देता आले नाही. पुढच्या महिन्यापासून ते गृहस्थ मंगळवारी जाऊ लागले आणि त्यांचा स्वतःचा लेख पाचव्या महिन्यात आला.

वेळापत्रक माणसांच्या सोयीने बांधावे. डिसेंबरमध्ये कोणाकडेही मागू नये. गायनमंडळाचे लोक तर नोव्हेंबरपासूनच गुंतलेले असतात. मुलांच्या परीक्षांच्या दिवसांत आयांना आणि शिक्षकांना मोकळे सोडावे. ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे दिवस आणि पावसाळ्याच्या संध्याकाळी लिहिण्यासाठी चांगल्या. वर्षाला एका माणसाचे दोन लेख पुरेत. एखादा महिना रिकामा गेला, तर अंक काढू नये. जागा भरण्यासाठी घेतलेला मजकूर वाचक ओळखतात.

हस्तलिखिते फेकू नयेत. लेखनिकाने उतरवून घेतलेला मूळ कागद, त्यावरच्या खाडाखोडीसह, एका फाइलमध्ये ठेवावा आणि मागच्या बाजूला तारीख, सांगणाऱ्याचे व लिहून घेणाऱ्याचे नाव आणि कोणत्या घरी बसून लिहिले ते पेन्सिलीने नोंदवावे. ज्या मजकुरात ओळख उघड होईल असे तपशील मूळ कागदावर राहिले असतील, तो वेगळ्या पाकिटात बंद करून पाळकसाहेबांकडे द्यावा. आमची फाइल चर्चच्या कपाटात, बाप्तिस्म्याच्या नोंदवहीच्या शेजारी असते. पावसाळ्याआधी मुले ती बाहेर काढतात, कागद वाळवतात, कडुलिंबाची पाने बदलतात, आणि त्या कामाला एक तास पुरतो असे सांगूनही दर वर्षी अख्खी दुपार लागते, कारण प्रत्येक जण हातात आलेला कागद वाचत बसतो.